तपकीर गल्लीतले मॉनिटरवाले काका, एक टॉर्च आणि माझी हिरवी रेष

साडेचार स्टार देतेय. अर्धा कापलाय तो फोन न उचलण्याबद्दल, त्याच्यावर येतेच पुढे.

आधी पेशंटची ओळख. माझा मॉनिटर २०१० सालचा, बावीस इंची, १६८० बाय १०५० पिक्सेलवाला. हा उंच आकार आता दुकानात मागितला की काउंटरवरची पोरं अशी बघतात जणू मी रॉकेलचा स्टोव्ह मागितलाय. मी घरून डीटीपी करते, लग्नपत्रिका, स्मरणिका, क्लासवाल्यांच्या नोट्स आणि सीझनला दिवाळी अंकांची पानं, आणि मला ती उंची लागते हो, नव्या रुंद स्क्रीनवर पानाच्या खालच्या दोनतीन ओळी कायम खाली लपून बसतात आणि नेमकी चूक तिथेच असते. त्यामुळे घरातले सगळे "टाक तो डबा" म्हणत असताना मी त्याला धरून बसलेय.

तर डिसेंबरात याची नाटकं सुरू झाली. सकाळी चालू केला की चित्र यायचं, दोन सेकंद व्यवस्थित दिसायचं आणि गप. काळा. पण पॉवरचा निळा दिवा चालूच, म्हणजे मेलेला पण नाही. मग बंद कर, चालू कर, बंद कर, चालू कर, असं दहा-बारा वेळा केलं की एकदाचा टिकायचा आणि मग दिवसभर ठणठणीत. दुपारी तर पहिल्याच दणक्यात यायचा. नवरा म्हणाला त्याला सकाळचा चहा लागतो. मी पण हसले आणि तसंच रेटलं, कारण चालतंय ना. जानेवारीत बाराचे तीस झाले, आणि एका सकाळी आलाच नाही, त्याच दिवशी प्रेसला फाइल द्यायची होती हे सांगायला नकोच.

घरी येऊन दुरुस्ती करणाऱ्या एका सर्व्हिसला फोन केला. नाव घेत नाही, त्या मुलाची चूक नव्हती, त्याला शिकवलंच तेवढं असेल. आला, लावला, काळा झालेला बघितला, केबल काढून परत लावली, आणि म्हणाला मॅडम पॅनल गेलंय, साडेपाच हजार, त्यापेक्षा नवीन घ्या. स्क्रू ड्रायव्हर बॅगेतून बाहेर पण आला नाही. व्हिजिटचे साडेतीनशे मात्र गेले. मला तेव्हा काही कळत नव्हतं पण एक खटकलं, पॅनल गेलं तर मग दोन सेकंद दिसतं ते काय असतं? विचारलं तर म्हणाला, ते असंच असतं मॅडम.

मग ओळखीच्या प्रेसवाल्याने या काकांचं सांगितलं. दुकान पुण्यात, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या आत, नाव मुद्दाम टाकत नाही कारण काकांनीच हात जोडून सांगितलंय की ताई, नाव टाकू नका, आधीच रॅकवर जागा नाही. गल्लीत विचारा मॉनिटरवाले कुठे, कोणी पण दाखवेल. गाडी नेऊ नका, वेड लागेल. मी वनाजवरून मेट्रोने गेले, सिव्हिल कोर्टला बदलली आणि मंडईला उतरले, मॉनिटर चादरीत गुंडाळून कडेवर. सिक्युरिटीवाल्याने चादर उघडायला लावली आणि "हा अजून चालतो?" विचारलं. म्हटलं तेच तर बघायला चाललेय.

दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक स्टूल, भिंतभर रॅक आणि रॅकवर उघडे मॉनिटर. बसायला जागा नाही. पण मला आवडलं ते हे की काकांनी मॉनिटरला हात लावायच्या आधी प्रश्न विचारले. थंडीत जास्त होतं का? हो. तापल्यावर नीट चालतो? हो. चालू करताना लालसर गुलाबी दिसतो का? थोडा, खालच्या बाजूला. आतून चीं असा आवाज येतो का? नाही. रात्री बोर्डावरचं बटण बंद करता का? नाही. किती वर्षं झाली? पंधरा. मग म्हणाले बघू, तपासायचे दीडशे होतील, दुरुस्त झाला तर ते बिलात धरीन आणि नाही झाला तर दीडशे गेले समजा. हे आधी सांगितलं, नंतर नाही.

मग त्यांनी त्यांच्या कॉम्प्युटरला जोडला. दोन सेकंद, काळा. काकांनी दुकानातला दिवा घालवला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि काचेला अगदी चिकटवून तिरका धरला. म्हणाले, या इकडे, बघा. आणि आत, त्या काळ्या स्क्रीनमध्ये, त्यांचा अख्खा डेस्कटॉप दिसत होता! अंधुक, पण आयकॉनखालची नावं सुद्धा वाचता येत होती. "पॅनल जिवंत आहे ताई. चित्र आहे, उजेड नाही." माझे साडेतीनशे डोळ्यासमोर नाचले.

हे सगळ्यांनी घरी करून बघा, फुकट आहे. एलसीडी, म्हणजे पॅनलची चित्राची काच, स्वतः उजेड देत नाही, ती फक्त उजेड अडवते आणि सोडते, खरा उजेड मागून येतो. आताच्या मॉनिटरमध्ये मागे एलईडी असतात, माझ्यासारख्या जुन्यांत सीसीएफएल, म्हणजे काचेच्या बारीक ट्यूबा, रिफिलएवढ्या, आत पारा असतो, घरातल्या ट्यूबलाइटचीच धाकटी बहीण म्हणा. त्या पेटवायला हजाराच्या आसपास व्होल्ट लागतात आणि ते बनवणाऱ्या सर्किटला इन्व्हर्टर म्हणतात (मी ऐकून आधी बॅटरीवाला इन्व्हर्टर समजले, काका बराच वेळ हसले). तर हा इन्व्हर्टर ट्यूबा पेटवतो आणि लगेच बघतो की सगळ्यांतून नीट करंट जातोय का. एका ठिकाणी जरी गडबड वाटली तरी तो जळण्यापेक्षा सगळंच बंद करतो. ते दोन सेकंद म्हणजे त्याचं हे बघणं. म्हणजे मॉनिटर बिघडून काळा होत नव्हता, तो स्वतःला वाचवत होता.

आता गडबड तीन ठिकाणी असू शकते असं काका म्हणाले. ट्यूब म्हातारी झालीय, इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर गेलाय, किंवा मागून पॉवरच कमी पडतेय. पण थंडीत त्रास आणि तापल्यावर ठीक हे ऐकल्यापासून माझा संशय तिसऱ्यावर आहे म्हणाले, उघडून बघतो.

उघडताना बघायला मजा आली. स्टँड काढला, मागचे चार स्क्रू, आणि पुढची फ्रेम सोडवायला जुनं एटीएम कार्ड, फ्रेमच्या फटीत घालून टक टक टक करत गोल फिरवलं आणि लॉक सुटले. आतला पत्र्याचा डबा उघडल्यावर मी वाकून बघायला गेले तर हात आडवा घातला. थांबा. दोन वायरी लावलेला एक साधा पिवळा बल्ब घेतला आणि बोर्डावरच्या सगळ्यात मोठ्या कंडेन्सरच्या (वीज साठवणारी डबी म्हणा) खालच्या पायांना टेकवला. बल्ब चमकला आणि विझला. प्लग काढलेला असताना! त्या मोठ्या कंडेन्सरमध्ये सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट बसलेले असतात आणि प्लग काढला तरी ते बराच वेळ तिथेच राहतात. यूट्यूब बघून घरी डबा उघडायला निघालेल्या सगळ्या दादांनी हे वाक्य दोनदा वाचा.

आणि मग दोष दिसला, मला सुद्धा दिसला, सांगायला लागलं नाही. छोट्या कंडेन्सरांची एक रांग, चार होते, कंडेन्सरचं डोकं सपाट पाहिजे, यातल्या तिघांची पुरीसारखी फुगलेली. एकाच्या खाचेतून तपकिरी काहीतरी बाहेर येऊन वाळलं होतं. चौथा दिसायला सरळ, पण काकांनी मीटर लावला आणि म्हणाले हा पण गेलाय, फक्त बोलत नाहीये. कंडेन्सर फुगायलाच पाहिजे असं नाही, आतलं पाणी सुकलं की त्याचा आतला रेझिस्टन्स वाढतो, आणि थंडीत तो अजून वाढतो, म्हणून सकाळी ट्यूबा पेटवायच्या वेळी पॉवर लटपटते, इन्व्हर्टर घाबरून बंद करतो. दहा-बारा वेळा चालू-बंद करून आपण काय करतो तर कंडेन्सर गरम करतो. म्हणजे नवऱ्याचा चहाचा जोक टेक्निकली बरोबर निघाला, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

अजून एक गोष्ट दाखवली, ते चारही कंडेन्सर नेमके गरम होणाऱ्या हीटसिंकच्या (आतली उष्णता ओढून घेणारा पत्रा) कुशीत बसवलेले. कंडेन्सरला साधारण हिशेब असा की दहा अंश कमी तापला तर दुप्पट जगतो. काकांनी चारही बदलले, १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे, १०५ डिग्रीवाले. ८५ डिग्रीवाले स्वस्त मिळतात आणि इथे ते लावू नयेत, कोणी लावत असेल तर कंडेन्सरवर छापलेलं असतं, वाचा. बिल तपासणी धरून ७५०. नवीन मॉनिटर एवढ्यात येत नाही, आणि आला तरी माझ्या आकाराचा येत नाही.

आता तक्रारी. "परवा या" म्हणाले आणि नऊ दिवस लागले. मधे मी अकरा फोन केले, दोन उचलले गेले, त्यातला एक चुकून. कंडेन्सर वीस मिनिटांत बदलून होतात हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं, मग नऊ दिवस का, तर रॅकवर नंबर लागतो म्हणे, आणि बदलल्यावर ते दोन दिवस चालू ठेवून बघतात. हे दुसरं कारण मला पटलं, पहिलं नाही, नंबर आहे तर तारीख खरी सांगा ना. पावती छापील नाही, वहीच्या कागदावर लिहून दिली, गॅरंटी तीन महिने तोंडी. आणि घरी येऊन बघितलं तर मागचा एक स्क्रू नव्हता. कामाच्या पुढे हे किरकोळ आहे पण रिव्ह्यू आहे म्हणून लिहितेय. शनिवारी अजिबात जाऊ नका.

खालचा गुलाबी पट्टा तसाच राहिला, आणि त्याबद्दल मी काकांना उलट मार्क देईन. मी विचारलं की ट्यूब पण बदलून टाका एकदाच. म्हणाले, चार ट्यूबा आहेत, दोन वर दोन खाली, खालच्या थकल्यात, म्हातारी ट्यूब आधी गुलाबी पेटते आणि मग पांढरी होते, ब्राइटनेस पण उतरतो. पण बदलायची तर अख्खं पॅनल सुटं करावं लागतं, त्या मापाच्या ट्यूबा आता सहज मिळत नाहीत, काढताना फुटली तर पारा. एलईडी पट्टीचं किट बसवता येतं, पण तुमचं काम रंगांचं, पांढरा निळसर दिसायला लागेल आणि पत्रिकेतला कुंकवाचा लाल बिघडला की मला शिव्या घालाल. सकाळी वीस मिनिटं आधी चालू करून ठेवा आणि मग रंग बघा. पैसे मिळत असताना नाही म्हणणारा माणूस.

इथपर्यंत रिव्ह्यू फेब्रुवारीतच लिहिणार होते, आळस केला, आणि एप्रिलमध्ये दुसरा अंक झाला. स्क्रीनच्या उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेष आली. केसाएवढी, पण पांढऱ्या पानावर अशी टोचते की बास. मी हुशारी केली, स्क्रीनशॉट काढला आणि काकांना व्हॉट्सअॅप केला, "ही बघा रेष". आश्चर्य म्हणजे लगेच उत्तर आलं. "कुठे आहे?" मी परत झूम करून पाठवला. परत, "कुठे आहे?" मग माझ्या फोनवर उघडून बघितला तर खरंच नव्हती! फोन केला, उचलला (!), आणि म्हणाले, ताई, हाच तर पुरावा. स्क्रीनशॉट कॉम्प्युटरच्या आत बनतो, तो स्वच्छ आहे म्हणजे चित्र बनेपर्यंत सगळं बरोबर आहे, गडबड त्याच्या पुढे, केबल नाहीतर मॉनिटर. रेष दाखवायची तर मोबाइलने फोटो काढायचा. मी पंधरा वर्षं कॉम्प्युटरवर पोट भरतेय आणि हे मला माहीत नव्हतं.

मग म्हणाले आता मॉनिटरचं स्वतःचं मेनूचं बटण दाबा आणि तो मेनू सरकवून रेषेवर आणा. आणला. रेष मेनूच्या पण वरून जात होती. मेनू मॉनिटर स्वतः काढतो, त्याला केबलशी काही घेणंदेणं नाही, तर केबल पण सुटली. केबल काढून टाकली तर "नो सिग्नल"च्या चौकटीवर सुद्धा रेष. तिसरं, वरच्या फ्रेमवर रेषेच्या बरोबर डोक्यावर बोटाने हलकं दाबा. दाबलं, गेली. सोडलं, आली. फोनवर शांतता आणि मग "हं". त्या हं वरूनच मला कळलं.

तरी घेऊन गेले, चादर, मेट्रो, सगळं. माझ्या आधी एक कॉलेजचा मुलगा होता, त्याच्या मॉनिटरवर पांढरं सगळं निळसर हिरवट दिसत होतं, त्याला कोणीतरी बोर्ड बदलायला सांगितलेला. काकांनी मॉनिटरकडे बघितलंच नाही, कॉम्प्युटरला जोडायच्या व्हीजीए केबलचं टोक उजेडात धरलं. पंधरा पिनांतली पहिली वाकून झोपलेली. पहिली पिन लाल रंगाची, दुसरी हिरव्याची, तिसरी निळ्याची, लाल नाही आला तर पांढऱ्यातून लाल वजा होऊन असा रंग उरतो. निळा गेला तर पिवळं दिसतं, हिरवा गेला तर गुलाबी जांभळं. पिनांचा चिमटा घेतला, सरळ केली, लावली, झालं. पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले बाळा, केबल काढताना स्क्रू सोडवत जा, हिसकू नकोस. तो मुलगा इतका खूश झाला की काकांच्या पाया पडायला निघाला होता, मधे माझा मॉनिटर आला म्हणून थांबला.

माझ्या रेषेचं मात्र काही होणार नव्हतं. पॅनलच्या काचेला वरच्या कडेला पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यातून प्रत्येक उभ्या रकान्याला सिग्नल जातो. पंधरा वर्षं गरम-गार होऊन एका ठिकाणचं चिकटणं सुटलंय, तेवढाच एक रकाना बेवारस झालाय. तिथे सोल्डरचा डाग देऊन चालत नाही, तो जोडच वेगळा असतो, मशीनने गरम करून दाबून चिकटवतात, बाँडिंग म्हणतात त्याला. मोठ्या टीव्हीला लोक करून घेतात कारण तिथे पैसे वसूल होतात. बावीस इंचीला कोणी हात लावणार नाही, लावला तर शेजारच्या दहा रेषा निघतील. दीडशे रुपये पुढे केले तर घेतले नाहीत, फोनवरच कळलं होतं म्हणाले, तुम्ही उगाच मेट्रोचं तिकीट काढलंत. आणि जाता जाता, "फ्रेममध्ये कागदाची घडी कोंबू नका हां, सगळे कोंबतात. चार दिवस बरं वाटतं आणि मग पट्टी कायमची जाते."

मी घरी आले आणि कागदाची घडी कोंबली.

खरं सांगतेय, डेडलाइन होती. जाड कागद पाहिजे होता, समोर एका पत्रिकेचं चुकलेलं प्रूफ पडलेलं, त्याचा तुकडा कापून चार घड्या करून वरच्या फ्रेमच्या फटीत सरकवला आणि रेष गेली. तीन आठवडे गेली! मला वाटलं काकांना हरवलं. परवा आली, आणि एकटी नाही आली, शेजारी एक निळी घेऊन आली, आणि आता दाबलं तरी दोघी हलत नाहीत. काकांना मोबाइलने फोटो काढून पाठवला, स्क्रीनशॉट नाही. उत्तर आलं, "कोंबलात ना?"

मी त्या जागेवर रंगांची पॅलेट आणून ठेवलीय, पान डावीकडे सरकवलंय, काम चालू आहे. कंडेन्सर एकदम मस्त, सकाळी पहिल्या दणक्यात येतो. कागदाचा तुकडा अजून फटीतच आहे, वरून "चि. सौ. कां." एवढं वाचता येतं.